तीन अठराचे दोन व्हिडिओ

ईश्वरी : "कल्पना करा, तुम्ही लिफ्टमध्ये आहात. एकटेच. रविवारची दुपार, तीन वाजून वीस मिनिटं. एकदम लाईट जाते. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबते. मोबाईलला रेंज नाही. तुम्ही घंटेचं बटण दाबता. पुन्हा दाबता. कोणीच येत नाही..." कसं वाटलं, मावशी?

मावशी : चांगलं आहे. मला खरंच गुदमरल्यासारखं झालं. पण मीटिंगला राजश्री पण असणार ना? तिला कशाला कल्पना करायला लावतेस? मागच्या रविवारी ती खरंच पाऊण तास आत अडकली होती.

ईश्वरी : अरे हो. मग काकू सोडून बाकीच्यांनी करायची कल्पना.

मावशी : हं. पुढे वाच.

ईश्वरी : "अशा वेळी गेटवर कोण असायला हवं? वॉचमन. पण आपले दत्तू काका तीन बेचाळीस ते चार सात, म्हणजे पंचवीस मिनिटं, खुर्चीवर नव्हते. हे कसं कळलं? आमच्या खिडकीतल्या कॅमेऱ्यावरून. आणि कॅमेऱ्याची वेळ बरोबर होती हे कशावरून? कारण ती वेळ माझा टाइम सर्व्हर देतो." इथे मी सर्व्हरची डबी वर करून सगळ्यांना दाखवणार.

मावशी : डबी उचललीस तर वायर निघेल की.

ईश्वरी : खरी नाही हो. घरात तशीच दुसरी साबणाची डबी आहे, रिकामी. लांबून कोणाला कळतंय?

मावशी : बरं. हे भाषण तुला करायला कोणी सांगितलं?

ईश्वरी : नंदकिशोर काकांनी. स्वतः घरी आले होते. सोसायटीचा कॅमेरा तर गणपतीपासून बंदच आहे, म्हणून सोमवारी आमचा व्हिडिओ घेऊन गेले. तेव्हा मला विचारलं, वेळ नक्की बरोबर आहे ना? मी म्हटलं, शंभर टक्के. तुमच्या मोबाईलपेक्षा बरोबर. तर म्हणाले, मग सातच्या मीटिंगला तूच सांग सगळ्यांना, सेक्रेटरीचं कोण ऐकतं! मावशी, सातवीतल्या मुलीला मोठ्यांच्या मीटिंगमध्ये कधी बोलवतात का?

मावशी : नाही बोलवत. आणि दत्तूचं काय म्हणणं आहे?

ईश्वरी : ते म्हणतात, लाईट नव्हती तेव्हा मी खुर्चीवरच होतो, घंटा वाजलीच नाही. पण व्हिडिओत खुर्ची रिकामी आहे. म्हणजे खोटं बोलतात ना? नंदकिशोर काका म्हणाले, ड्युटी सोडली ते एक वेळ चालेल, पण खोटं बोललेलं चालणार नाही. आज ठराव झाला की उद्यापासून एजन्सी दुसरा माणूस देणार.

मावशी : आणि दत्तू?

ईश्वरी : त्यांना मग एजन्सी पण ठेवत नाही म्हणे. पप्पा सांगत होते.

मावशी : अस्सं. मग भाषण नीटच व्हायला हवं. आता मला काही कळत नाही असं धर. मी सहाव्या मजल्यावरचे हौसेराव आजोबा आहे. मला सांग, टाइम सर्व्हर म्हणजे काय गं?

ईश्वरी : आजोबा, ते एक छोटं कॉम्प्युटर आहे.

मावशी : केवढं?

ईश्वरी : पत्त्यांच्या कॅटाएवढं. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. आमच्या फ्रिजवर साबणाच्या डबीत असतं. त्याला एकच काम. इंटरनेटवरच्या मोठ्या घड्याळांना विचारायचं किती वाजले, आणि घरात सगळ्यांना सांगायचं. पप्पांचा लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, सगळे त्यालाच विचारतात.

मावशी : सगळ्यांनी आपापलं विचारलं तर काय बिघडतं?

ईश्वरी : मग कोणी दोन सेकंद पुढे, कोणी तीन सेकंद मागे. आमच्या वर्गात कसं, प्रत्येकीने उठून स्टाफरूमला जायचं नाही. मॉनिटर एकटी जाते, बाईंना विचारते, येऊन सगळ्यांना सांगते. सर्व्हर म्हणजे मॉनिटर.

मावशी : छान. हे भाषणात घाल. आता हौसेराव विचारतात, मॉनिटर स्वतः चुकली तर?

ईश्वरी : चुकतच नाही. ती चार बायांना विचारते. एखादीचं उत्तर वेगळं आलं तर तिचं सोडून देते. तुम्हीच तर बसवून दिलंत, मावशी. चार सर्व्हरची नावं तुम्हीच लिहून दिली होतीत.

मावशी : दिली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पण आमचं असंच होतं, एक मोठं घड्याळ आणि त्याच्या हाताखाली सगळी. पस्तीस वर्षं बघितलंय ते. म्हणून विचारते. कॅमेऱ्याला स्वतःचं घड्याळ नाही का?

ईश्वरी : आहे. आत बटणासारखा सेल आहे त्याला. पण मी सेटिंगमध्ये टाकलंय, स्वतःचं चालवायचं नाही, सर्व्हर सांगेल ते.

मावशी : आणि तुझ्या सर्व्हरला सेल आहे?

ईश्वरी : त्याला नाही. तुम्ही म्हणाला होता, सेलवालं घड्याळ वेगळं आणून जोडावं लागतं, दिवाळीनंतर बघू.

मावशी : म्हणाले होते खरी. राहूनच गेलं ते. बरं, आता त्या रविवारी ये. लाईट गेली. तुमच्या घरात काय काय चालू राहिलं?

ईश्वरी : हॉलचा पंखा, एक ट्यूब. इन्व्हर्टरवर तेवढंच आहे. मम्मी ओरडत होती, फ्रिज उघडू नको म्हणून.

मावशी : म्हणजे फ्रिज बंद. फ्रिजवरची डबी?

ईश्वरी : ती पण बंद. फ्रिजच्याच प्लगमधून घेतलीय.

मावशी : कॅमेरा?

ईश्वरी : तो खिडकीच्या वरच्या प्लगवर. तो पण बंद.

मावशी : लाईट आली किती वाजता?

ईश्वरी : चार पाचला. त्यात वाद नाही. काकूंनी लिफ्ट सुरू झाल्याबरोबर मोबाईल बघितला होता, चार वाजून पाच. लिफ्ट वर गेली, त्या घरी गेल्या आणि आडव्याच झाल्या. शुगर आहे ना त्यांना.

मावशी : मग तीन बेचाळीसचा व्हिडिओ कोणी काढला?

ईश्वरी : कॅमेऱ्याने.

मावशी : कुठल्या?

ईश्वरी : कुठल्या काय, आमच्या... थांबा. तीन बेचाळीसला लाईट नव्हती.

मावशी : नव्हती.

ईश्वरी : असं कसं? व्हिडिओ तर आहे. मी स्वतः बघितलाय. नंदकिशोर काकांनी पण बघितलाय.

मावशी : त्यांनी नाही विचारलं, लाईट नसताना कॅमेरा कसा चालला?

ईश्वरी : त्यांना वाटलं असेल, इन्व्हर्टर आहे यांच्याकडे. मलाही... मी विचारच नाही केला. मी फक्त खुर्ची बघत होते.

मावशी : लॅपटॉप आणलायस ना? तुमचं वायफाय भिंतीपलीकडे माझ्या खोलीत येतं. कॅमेऱ्यातल्या फायली काढ. नुसती खुर्ची नको बघूस. रविवारच्या सगळ्या काढ.

ईश्वरी : काढते. दोन... अडीच... तीन... तीन सतरा, तीन अठरा. तीन अठरा परत? अशा दोन-दोन आहेत. हे मी सोमवारी पण बघितलं होतं. मला वाटलं डबल सेव्ह झालं असेल.

मावशी : दोन्ही उघड. शेजारी शेजारी ठेव.

ईश्वरी : एकच तर आहे. गेट, खुर्ची, दत्तू काका पेपर वाचतायत. दुसऱ्यात पण दत्तू काका. पेपर नाहीये, हाताने वारा घेतायत.

मावशी : खाली बघ. गेटच्या खांबाची सावली.

ईश्वरी : पहिल्यात गटाराच्या झाकणापर्यंत आहे. दुसऱ्यात... खुर्चीच्या पायापर्यंत आलीय. केवढी लांब!

मावशी : एकाच मिनिटात?

ईश्वरी : नाही. असं नाही होऊ शकत. दुसरा व्हिडिओ नंतरचा आहे. खूप नंतरचा.

मावशी : तिथे खाली एक बारकी फाईल दिसतेय, ती कसली?

ईश्वरी : चार सहाची. अकराच सेकंदांची आहे. उघडते... हे बघा, यात पण काका वारा घेतायत. आणि सावली खुर्चीपाशीच. मावशी, ही आणि ती दुसरी तीन अठराची एकामागोमाग आहेत! काकांचा हात इथे वर आहे, तिथे खाली येतोय. मध्ये काहीच गेलेलं नाही.

मावशी : म्हणजे काय झालं? सावकाश सांग. घाई नाही.

ईश्वरी : लाईट आली. कॅमेरा सुरू झाला. तेव्हा त्याची वेळ होती चार सहा. बरोबर वेळ. सेलवाली. मग अकरा सेकंदांनी त्याने सर्व्हरला विचारलं. आणि सर्व्हरने सांगितलं, तीन अठरा.

मावशी : आणि कॅमेऱ्याने ऐकलं.

ईश्वरी : कारण मी तसं टाकलं होतं. पण सर्व्हरने असं का सांगितलं? तो इंटरनेटला विचारतो ना!

मावशी : नेट होतं?

ईश्वरी : नव्हतं... नेटचा डबा गच्चीवर आहे, त्याचं बटण पडलं होतं. सहानंतर कोणीतरी वर जाऊन चालू केलं. माझी ऑनलाइन ट्यूशन बुडाली म्हणून मला आठवतंय. पण मावशी, नेट नसेल तर सर्व्हर गप्प बसतो. उत्तरच देत नाही. तुम्हीच सांगितलं होतं.

मावशी : मी बसवून दिला तेव्हा तसाच होता. फाईल उघड बघू त्याची. वरून खाली वाच.

ईश्वरी : चार सर्व्हर, तुम्ही दिलेले. ही घरातल्यांना परवानगी. ही... मावशी, ही ओळ मी घातलीय.

मावशी : कधी?

ईश्वरी : जूनमध्ये. एकदा सकाळभर नेट गेलं होतं, तेव्हा सर्व्हर कोणालाच वेळ देईना. त्याच्या नोंदींच्या लॉगमध्ये नुसती लाल अक्षरं. मला वाटलं, आपला सर्व्हर बिघडला. मग मी शोधलं, कोणीतरी लिहिलं होतं, ही एक ओळ घाला, नेट नसलं तरी वेळ देत राहील. घातली. लाल अक्षरं गेली. मी खूश झाले. शाळेच्या प्रदर्शनाच्या तक्त्यावर पण लिहिलंय, "आमचा सर्व्हर कधीही नाही म्हणत नाही."

मावशी : समज, तू दुपारी झोपलीस. उठलीस, खोलीत अंधार, घड्याळ नाही. मी विचारलं, ईश्वरी, किती वाजले? काय सांगशील?

ईश्वरी : म्हणेन, थांबा, बघून सांगते.

मावशी : ती लाल अक्षरं तेच म्हणत होती.

ईश्वरी : आणि मी त्याला सांगितलं, बघू नको. झोपायच्या आधी जे आठवतंय ते सांग.

मावशी : हं. हे मशीन दर तासाला एकदा वेळ लिहून ठेवतं. अचानक बंद पडलं की उठल्यावर तीच शेवटची वेळ वाचतं. तीन सतराला लिहिली असेल. मग ते बंद होतं ती सगळी मिनिटं त्याच्या हिशोबात नाहीत. लॉगमध्ये बघ, नेट आल्यावर त्याने स्वतःची चूक लिहिली असणार. ते खोटं बोलत नाही. विचारलं तर सगळं सांगतं.

ईश्वरी : सापडलं. सहा वाजून दहा मिनिटांनी. "घड्याळ चुकीचं, दोन हजार आठशे त्र्याण्णव सेकंदांनी." भागिले साठ... अठ्ठेचाळीस मिनिटं.

मावशी : आता खुर्चीची वेळ घे.

ईश्वरी : तीन बेचाळीस अधिक अठ्ठेचाळीस, चार तीस. चार सात अधिक अठ्ठेचाळीस... चार पंचावन्न. साडेचार ते चार पंचावन्न. मावशी, ही तर पंपाची वेळ! साडेचारला काका मागे पाण्याचा पंप चालू करायला जातात. रोज जातात. त्यांनी सांगितलं पण होतं, मी पंपाला गेलो होतो, रजिस्टरमध्ये लिहिलंय. नंदकिशोर काका म्हणाले, ते तू नंतर लिहिलं असशील.

मावशी : कारण तू शंभर टक्के म्हणाली होतीस.

ईश्वरी : म्हणाले होते.

मावशी : पाणी पी थोडं.

ईश्वरी : नको. मावशी, सर्व्हरची ओळ मी आत्ता काढते. आणि सगळ्यांना सांगू या, कॅमेरा बिघडला होता. होतात कॅमेरे खराब. दत्तू काका पण सुटतील आणि...

मावशी : आणि?

ईश्वरी : आणि काही नाही.

मावशी : कॅमेऱ्याने चार सहा सांगितलं होतं. सर्व्हर आणि कॅमेरा, दोघांत खरी वेळ फक्त त्याच्याकडे होती. त्याला बिघडलेला म्हणायचं?

ईश्वरी : यंत्र आहे ते. त्याला काय वाटणार आहे?

मावशी : त्याला नाही वाटणार. पण नंदकिशोर विचारेल, बिघडला होता तर मग त्या दिवशी शंभर टक्के कसं काय? मग?

ईश्वरी : सगळे हसतील, मावशी. प्रदर्शन पुढच्या शुक्रवारी आहे. सोसायटीतली सहा मुलं आमच्याच शाळेत आहेत. सोमवारी वर्गभर होईल. तुम्ही सांगा ना. तुमचं सगळे ऐकतात.

मावशी : माझं जे आहे ते मी सांगेन. सेल बसवायचा मी टाळला आणि जूननंतर एकदाही ती फाईल उघडून बघितली नाही. शिकवणाऱ्याने बघायला हवी होती. तेवढं माझं. बाकीचं मी कसं सांगू? शंभर टक्के मी नव्हते म्हणाले.

ईश्वरी : तुम्हाला माझा राग आलाय.

मावशी : अजिबात नाही. एक्स्चेंजमध्ये मी एकदा अख्ख्या वाशीचे फोन वीस मिनिटं बंद पाडले होते. सर्किटची चुकीची फळी ओढली. साहेबांनी विचारलं, कोणी? मी हात वर करेपर्यंत एक मिनिट गेलं. ते एक मिनिट मला अजून आठवतं, वीस मिनिटं आठवत नाहीत. चल. खाली दत्तूकडे जाऊ. रजिस्टर बघू. बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही, एकदा झालं तेवढं पुरे. माझे गुडघे आहेत, सावकाश उतरू.

(दोघी जिना उतरून गेटपाशी येतात. पार्किंगमध्ये दत्तू मीटिंगसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतो आहे.)

दत्तू : या ताई. बसा हितं. अजून तासभर हाय मीटिंगला. ईश्वरीबाय, तू पन बोलनार हायस ना आज? नंदकिशोरसाहेब सांगत व्हते.

ईश्वरी : काका, तुमचं रजिस्टर दाखवता? पंपाचं?

दत्तू : दाखवतो की. त्यात काय! पन आता त्याला कोन विचारतंय? हे घे. रविवार. साडेचार ते चार पंचावन. रोजच्यावानी लिवलंय.

मावशी : खाली ही सही कोणाची?

दत्तू : टँकरवाल्याची. त्या दिवशी टँकर बी आला व्हता, पावनेपाचला. मानसिंग. त्यानं स्वतः टाइम टाकून सही केलीय.

ईश्वरी : चार पंचेचाळीस. दुसऱ्याच्या हाताने. मावशी, हे नंदकिशोर काकांनी बघितलंच नाही?

दत्तू : पान उलटायच्या आधीच मोबाईल दाखवला मला. म्हनाले, हे बग, मशीन काय खोटं बोलतं का? मी काय बोलनार, बाय? मला पन वाटाया लागलं, आपनच कुठं तरी उठून गेलो आसू.

ईश्वरी : तुम्ही गेला नव्हता, काका. तुम्ही खुर्चीवरच होता. व्हिडिओची वेळ चुकीची आहे. अठ्ठेचाळीस मिनिटं मागे.

दत्तू : अठ्ठेचाळीस?

ईश्वरी : हो.

दत्तू : दर्याची भरती पन रोज तेवढीच उशिरा येते आमच्या मोरा बंदराला. तिला कोनी कामावरनं काढत नाय.

मावशी : दत्तू, हसू नकोस. तुझं काम जातंय.

दत्तू : हसू नको तर काय करू, ताई? सकाळी बायको इचारत व्हती, परत बोटीवर जानार का भावाच्या. मी म्हनलं, या कमरेनं? बाय, पन तुझं मशीन चुकलं कसं? तू तर येवढी हुशार.

ईश्वरी : मशीन नाही चुकलं. मीच त्याला चुकीचं शिकवलं होतं. माहीत नसलं तरी उत्तर द्यायला.

दत्तू : आसं हाय तर मी पन एक सांगतो. ताई, तुमी हायात म्हनून सांगतो. घंटा वाजली नाय, ते खरं, तिचा सेल कवाच संपलाय. पन लाईट गेली की जिन्यानं वर जाऊन लिफ्टला हाळी द्यायची, आत कोन हाय का, आसं आमाला सांगून ठेवलंय. ती मी नाय दिली. रविवारची दुपार, कोन आसनार, म्हनून बसून राहिलो. राजश्रीताई पाऊन तास आत व्हत्या. ते मला लई लागलंय. त्येच्यासाठी काय बोलायचं ते बोला मला. पन खुर्ची सोडली म्हनू नका.

मावशी : हे नंदकिशोरला सांगितलंस?

दत्तू : सांगनार व्हतो. पन त्यांनी आदीच खोटारडा म्हनलं. मग कशाला सांगू?

ईश्वरी : मावशी, मग आता? काकांची पण चूक आहेच.

मावशी : आहे. ती त्याची. तो सांगेल. घंटेचा सेल कोणी बदलला नाही, ती कमिटीची. ती राजश्री विचारेल, ती सोडणारी नाही. तुझी यातली कुठली?

ईश्वरी : वेळ.

मावशी : तेवढंच बघ. बाकीच्यांचं ओझं नको घेऊस, आणि आपलं त्यात मिसळून पण नको टाकूस.

दत्तू : ताई, पोरीला कशाला त्रास? लहान हाय. तुमीच सांगा साहेबांना बाजूला घेऊन, हळूच. माझं काम झालं म्हंजे झालं. मी कोनाला बोलनार नाय.

ईश्वरी : काका, तुम्हाला सगळ्यांसमोर खोटारडे म्हणाले ना? गेटवर?

दत्तू : म्हनाले. चार जन व्हते. दूधवाला पन व्हता.

ईश्वरी : मग हळूच सांगून कसं चालेल?

मावशी : मी इथे बसते. पाय दुखायला लागले. तुला काय करायचं ते तू ठरव, ईश्वरी. मी इथेच आहे.

ईश्वरी : काका, तुमच्याकडे मार्कर आहे? पाण्याची नोटीस लिहिता तो.

दत्तू : हाय की. केबिनमधी, खिळ्याला. पन नोटीस कसली? आज पानी बंद नाय... बाय! ए बाय, त्या बोर्डावर नको! त्यावर साहेबांनी मीटिंगचा कागद लावलाय.

ईश्वरी : कागदाला हात नाही लावत. खाली जागा आहे.

दत्तू : काय लिवतेय ती, ताई? माझा चष्मा केबिनमधी टेबलावर हाय.

मावशी : मला पण इथून दिसत नाही. मोठ्याने वाच गं.

ईश्वरी : "मागच्या रविवारी चार पाच ते सहा दहा या वेळात आमच्या कॅमेऱ्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं मागची वेळ होती. लिफ्ट बंद होती तेव्हाचा व्हिडिओ कोणाकडेच नाही. कॅमेऱ्याला चुकीची वेळ मी दिली. मी शंभर टक्के म्हणाले होते, ते न तपासता म्हणाले. रिकाम्या खुर्चीची खरी वेळ साडेचार ते चार पंचावन्न आहे, तेव्हा दत्तू काका पंपावर होते. सगळ्या फायली मीटिंगमध्ये दाखवीन. ईश्वरी, ए दोन." बरोबर आहे, मावशी?

मावशी : "तपासता" शब्द नीट वाचता येतोय ना लांबून?

ईश्वरी : येतोय.

मावशी : मग बरोबर आहे.

दत्तू : पूस ते, बाय. येता-जाता सगळी वाचतील. साहेब आत्ता खाली येतील.

ईश्वरी : पुसलं जात नाही ते, काका. परमनंट मार्कर आहे तुमचा.

दत्तू : आता काय करायचं?

ईश्वरी : खुर्च्या राहिल्यात ना अजून? तुम्ही त्या टोकापासून लावा, मी या टोकापासून लावते.